पडलेल्या झाडाचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, तंजावूरच्या राजघराण्यावरही दोन विद्वत्तापूर्ण भाषणे झाली. अशा पंक्तीत लाकूडतोडीवर बोलावयास कोणी उभा राहिला म्हणजे श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर जे भाव उमटावयाचे ते मला येथून स्पष्ट दिसत आहेत. चिटणीसांनीही विषय दोनदा विचारून घेतला होता. परंतु मी हा विषय हट्टाने निवडला, याचे कारण असे की आपल्यापैकी पुष्कळांची घरेदारे, बागा, निदान एखादे वडिलार्जित परसू कावेरीच्या मुलुखात आहे. आपण मात्र तेथे नाही. तेथले झाड पडले अथवा घर उतरवावयाचे ठरले, की त्या लाकडाचा निकाल आपण दूरध्वनीवरून पाच मिनिटांत लावतो. त्या पाच मिनिटांविषयी मला बोलावयाचे आहे.

माझी नोकरी केंद्र सरकारची. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि कचेरीत शिरलो; वनविद्येशी माझा शास्त्रोक्त संबंध नाही. परंतु बदलीच्या निमित्ताने तंजावूर-कुंभकोणम भागात काही वर्षे काढली आणि कामासाठी गावोगाव हिंडलो. जे पाहिले आणि सुतारांकडून, करवतकाम करणाऱ्यांकडून समजून घेतले, तेच सांगतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी, ती ही की कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा भाताचा मुलूख आहे, अरण्याचा नव्हे. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत सागवानाचे रान आहे. बल्लारशाच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड गेले, हे आपण अभिमानाने वाचले. तंजावूर जिल्ह्यात तसे काही नाही. जेथे हजार वर्षे कालवे खेळवून इंच इंच जमीन भाताखाली आणली, तेथे जंगलाला जागा कोठून राहणार? त्यामुळे तेथले मोठे लाकूड म्हणजे माणसाने लावलेले किंवा राखलेले लाकूड: रस्त्याकडेची चिंच, देवळापाशी राखलेला इलुप्पै, शेताच्या बांधावरचा भेंड, परसातला कडुनिंब आणि फणस, तळ्याकाठचे जांभूळ. नावे वेगळी म्हणून आपण ती परकी समजतो. वास्तविक आपली चिंच ती तेथली पुळि, शिरीष तो वागै, करंज तो पुंगम. इलुप्पै हा आपल्या मोहाचा दक्षिणेकडचा सख्खा भाऊ. आणि खानदेशच्या कोरड्या डोंगरांतला जो अंजन, तोच तमिळांचा आच्चा. या आच्चाकडे मी शेवटी येणार आहे.

इलुप्पैवरून आठवले. साखरेचा घाणा नसलेल्या गावी इलुप्पैचे फूल हीच साखर, अशी तमिळ म्हण आहे. आपण वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतो त्यातलाच प्रकार. परंतु लाकडाच्या बाबतीत इलुप्पै मुळीच लंगडा नाही. देवळांच्या रथांसाठी हे लाकूड पूर्वापार नावाजलेले आहे. तिरुवारूरचा थोरला रथ सजवून उभा केला म्हणजे ९६ फूट उंच होतो आणि त्याचे वजन सुमारे ३०० टन सांगतात. जुना रथ १९२६ साली जळाला, मग नवा बांधला गेला. त्याला आता लोखंडी चाके आणि रोधक आहेत, पण वरचा सगळा भार लाकडाच्या सांध्यांवरच. एवढा भार वळणावर करकरत वळतो तेव्हा मोठ्या झाडाचे सलग लाकूड म्हणजे काय, हे व्याख्यानाशिवाय कळते.

आता २०१८ सालाकडे येतो. त्या वर्षी १६ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी ‘गजा’ चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडु या भागांतील नारळीच्या बागा ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. नारळाचे दुःख सर्वांनी पाहिले, वृत्तपत्रांनी छापले, आणि ते योग्यच होते, कारण ते लोकांच्या पोटाचे साधन होते. राज्य सरकारने दर माडामागे ६०० रुपये भरपाई आणि तोडून हलविण्यासाठी ५०० रुपये, मिळून ११०० रुपये जाहीर केले. परंतु माडांच्या बरोबरच चिंचा, शिरीष, कडुनिंब, जांभळी, फणस अशी साठ-सत्तर, क्वचित शंभर वर्षांची झाडेही उन्मळली होती. त्यांची मोजदाद त्या धांदलीत कोण करणार? त्यांतली बहुतेक दोन-दोन फुटांचे तुकडे होऊन वीटभट्ट्यांकडे गेली.

हे ओरत्तनाडु म्हणजे आपल्या इतिहासातले मुक्तांबाळपुरम्. सरफोजीराजांनी १८०२ मध्ये मुक्तांबाळच्या नावाने तेथे छत्र उभारले. रामेश्वराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तेथे अन्न मिळत असे. अन्नछत्र म्हटले म्हणजे आपण तांदूळ-डाळीचा हिशेब करतो, पण रोज शेकडो पाने वाढावयाची तर चुलीला किती जळण लागत असेल, याचाही विचार करून पाहावा. जळण ही हलकी गोष्ट आहे असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. चिंचेचे वाळलेले लाकूड तर जळणात उत्तम. त्याची आच कडक आणि टिकाऊ, म्हणूनच भट्टीवाले त्याच्यावर टपून असतात. प्रश्न एवढाच, की एका झाडात जळण किती, लाकूड किती, हे ठरविले कोणी आणि केव्हा?

त्या डिसेंबरात मी कामानिमित्त ओरत्तनाडुच्या दक्षिणेकडील एका गावात गेलो होतो. एका वृद्ध शेतकऱ्याच्या बांधावर शिरीषाचे प्रचंड झाड मुळासकट आडवे पडले होते. भट्टीचा अडत्या वजनावर सौदा करून साखळी-करवतवाल्याला घेऊनच आला होता. इतक्यात गावचा आसारी, म्हणजे सुतार, सायकलवरून उतरला आणि म्हणाला, “अय्या, फांद्या सगळ्या द्या. सोट मात्र दहा फूट सलग ठेवा. मग पुढे त्याचे काय हवे ते करा.” अडत्या हसला. वृद्धाने विचारले, “अरे, हा नेणार कोण? शेतात सांबा पीक उभे आहे, पाणी आहे. गाडी येणार कशी?” आसारी म्हणाला, “आज नेऊ नका. कापणीनंतर नेऊ. तोवर पडू दे.”

बंधुभगिनींनो, या चार वाक्यांत सारे प्रकरण आहे. बाहेरचा माणूस म्हणतो, खेडुतांना लाकडाची किंमत कळत नाही. मला हे मत मान्य नाही. त्यांना किंमत चांगली कळते; परिस्थिती त्यांच्या हातून तुकडे करविते. नोव्हेंबरात सांबा भात शेतात उभे असते, तेथे दीड टनाचा ओंडका ओढून काढणे अशक्य. दोन फुटांचे तुकडे मात्र डोक्यावरून बांधाबांधाने नेता येतात. वादळाने विजेचे खांब लाखाच्या वर पाडले होते आणि खेडोपाडी वीज परतावयास कित्येक आठवडे लागले. अर्थात लाकूड चिरणाऱ्या गिरण्याही बंद. त्यात झाड घरावर, विहिरीवर, वाटेवर पडलेले. अशा वेळी समोर रोख पैसे घेऊन उभा असलेला अडत्या देवदूतासारखा वाटला तर नवल नाही.

पण अडत्याची घाईही समजून घेतली पाहिजे. ओल्या लाकडाच्या वजनात पाण्याचा वाटा फार मोठा असतो. सुकल्या लाकडाच्या निम्म्याइतके किंवा त्याहून अधिक पाणी ताज्या ओंडक्यात असू शकते. लाकूड वजनावर विकावयाचे तर आज विकण्यातच विकणाऱ्याचा फायदा दिसतो, कारण रोज वजन घटत जाते. मालकाला हीच भीती घातली जाते: “थांबाल तर घटेल.” घटते ते पाणी, लाकूड घटत नाही. घनफुटावर विकावयाच्या सोटाला ही भीती जवळजवळ नाहीच. वजनाचा हिशेब घाई करावयास लावतो, मापाचा हिशेब थांबू देतो, आणि गावात कोणता तराजू प्रथम पोचला यावर त्या झाडाचा शेवट ठरतो.

मापाच्या हिशेबातही एक खोच आहे, ती हिशेबनीस म्हणून मला विशेष गमतीची वाटते. आपल्या देशात गोल लाकूड चौथाई घेराने मोजण्याची जुनी चाल आहे. मध्यावरचा घेर दोरीने घ्यावयाचा, त्याचे चार भाग करावयाचे, एका भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावयाचे. त्या शिरीषाचा घेर आठ फूट धरला आणि लांबी दहा फूट, तर दोनाचा वर्ग चार, गुणिले दहा, म्हणजे चाळीस घनफूट. परंतु भूमितीप्रमाणे त्या गोल सोटात सुमारे एक्कावन्न घनफूट लाकूड असते. शंभरातले साडेएकवीस भाग कागदावर येतच नाहीत. ही फसवणूक नव्हे. साल, कडेच्या ढलप्या आणि करवतीचा भुसा यांची ती आगाऊ वजावट आहे. मात्र विकणाऱ्याला ती ठाऊक असावी. कडेच्या ढलप्या शेवटी कोणाच्या चुलीत जाणार, हेही सौद्यातच बोलून घ्यावे.

तोडण्याविषयी थोडे सांगतो, कारण दरवर्षी यात माणसे मरतात. उभे झाड पाडताना ज्या बाजूला ते पाडावयाचे त्या बाजूला प्रथम खाच घेतात, व्यासाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी. मग मागील बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, काप घेत येतात आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी न कापता ठेवतात. ती बिजागरीचे काम करते, तिच्यामुळे झाड ठरल्या दिशेने वळते. उन्मळून पडलेले झाड याहून कपटी. त्याचा सोट कोठे धनुष्यासारखा ताणलेला असतो, तर कोठे दाबलेला. दाबलेल्या बाजूने थोडे कापून मग ताणलेल्या बाजूने काप पुरा करावयाचा. उलट केले तर करवत अडकते किंवा लाकूड उभे फाटून कापणाऱ्याच्या अंगावर येते. आणि सर्वांत मोठा धोका मुळांच्या गड्ड्याचा. सोट वेगळा होताच मातीने भरलेला तो गड्डा एकाएकी मागे, आपल्या खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कोणी उभे राहू नये, मुलांना तर जवळही फिरकू देऊ नये. स्वस्तात काम करून देतो म्हणणाऱ्या नवशिक्याला बोलावण्याचे ठिकाण हे नव्हे.

सोट वेगळा झाला, पुढे काय? त्या आसारीने जे केले ते सांगतो. वादळाने माड पाडलेच होते, त्यांचे बुंधे आडवे टाकून त्यांवर शिरीषाचा सोट लोटला, म्हणजे तो जमिनीपासून सुटा झाला. साल सोलली, कारण लाकूड पोखरणारे भुंगेरे सालीखाली अंडी घालतात. दोन्ही टोकांना जुना तैलरंग फासला. रंग नसता तर शेणमातीचा जाड लेप दिला असता. टोकांतून पाणी लवकर उडते आणि तेथूनच चिरा पडत आत जातात, म्हणून हा उपाय. वर नारळाच्या झावळ्या. एवढे झाले आणि सोट निवांत पडून राहिला. फेब्रुवारीत कापणी होऊन शेत कोरडे पडले, तेव्हा तो बाहेर काढला. तो एका तेलाच्या लाकडी घाण्यासाठी गेला. हल्ली तमिळनाडूत लाकडी घाण्याच्या तेलाची चाल पुन्हा आली आहे आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘वागै मरच्चेक्कु’, म्हणजे शिरीषाचा घाणा, असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. जळणाच्या भावाशी त्या भावाची तुलनाच नव्हती. फांद्यांचे जळण अडत्यानेच नेले, तेव्हा त्याचेही फारसे बिघडले नाही.

चिंचेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचे बाहेरचे पांढरट लाकूड पुष्कळ, आणि आतला काळसर जांभळा गाभा जुन्या झाडातच, तोही वेडावाकडा. धागे एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे रंधा चालत नाही आणि पाचर मारून फोडावयासही घणाचे घाव पुष्कळ लागतात. म्हणून तिच्या फळ्या कोणी फारशा काढीत नाही. परंतु हाच गुंता उखळीला, घाण्याला, मोगरीला, खाटकाच्या ठोकळ्याला गुण ठरतो. पोकळ झालेली जुनी चिंच मात्र सरळ भट्टीला द्यावी. तिच्यात लाकूड शोधीत बसणे हा निव्वळ हौसेचा भाग. तंजावूर-विक्रवंडी रस्त्याच्या चौपदरीकरणात कडेच्या ज्या जुन्या चिंचा गेल्या, त्यांत दोन्ही जातींची होती.

पूर्वी सोट चिरावयाचा म्हणजे खड्ड्यावर ठेवून दोन माणसे लागत. वरचा रेघ सांभाळी, खालचा ओढी आणि दिवसभर भुसा डोळ्यांत घेई. मजुरी दोघांची सारखीच असे की काय, ते मी विचारले नाही. परंतु वर कोण आणि खाली कोण, यावरून भांडणे होत, असे एका म्हाताऱ्या करवत्याने हसत सांगितले. आता पट्टा-करवतीच्या गिरण्या आहेत. पट्ट्याच्या एका कापात दोन-तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, साखळी-करवतीच्या कापात आठ-दहा मिलिमीटर. दहा फळ्या काढा, म्हणजे साखळीने साडेतीन इंच लाकूड हवेत गेले. शेतात जागच्या जागी फळ्या पाडून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारावा. फळ्या निघाल्यावर त्या मधे काठ्या घालून सावलीत रचाव्या, वर वजन ठेवावे. एक इंच जाडीला एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. उष्ण मुलखात त्याहून लवकर सुकते, पण घाईने सुकविलेली फळी दाराला लावली की पहिल्याच पावसाळ्यात ती आपला स्वभाव दाखविते.

आता आच्चा. कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाताना नरसिंगमपेट्टै नावाचे लहान गाव लागते. नागस्वर बनविणारी घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांच्यासाठी रंगनाथन आसारींनी ‘बारी’ नागस्वर घडविले ते येथलेच. २०२२ मध्ये या नागस्वराला भौगोलिक मानांकन मिळाले. हे वाद्य आच्चाचे, आणि आच्चा ताजा चालत नाही. अनेक दशके सुकलेले, ज्याला आता हलावयाचे नाही, फाटावयाचे नाही, असेच लाकूड हवे. ते कोठे मिळते? अरण्यात नव्हे. जुनी घरे उतरवितात तेव्हा त्यांच्या तुळयांत, खांबांत, वाशांत मिळते. कारागीर त्यासाठी पाडाव्यांची बातमी काढीत हिंडतात. शंभर वर्षे एखाद्या ओसरीचे छप्पर तोललेले लाकूड पुढे देवळाच्या उत्सवात वाजते.

तेव्हा तंजावूर, कुंभकोणम, मन्नारगुडी येथे ज्यांची घरे आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगून हे भाषण संपवितो. तीन-साडेतीनशे वर्षांत आपल्या लोकांनी त्या मुलखात घरे बांधली, मोठी बांधली. आता भाऊबंद मुंबईत, बंगळुरूत, परदेशात, आणि घराला कुलूप. कौले सरकतात, पावसाचे पाणी तुळईच्या टोकांत मुरते, भिंतीतून वाळवी वर चढते. मग एक दिवस पाडाव्याचा ठेकेदार दूरध्वनी करतो: “जुने लाकूड आहे, सार, किडलेले. पाडण्याच्या मजुरीत वळते करून घेतो.” किडलेले असेलही. टोके बहुधा किडलेली असतातच, परंतु मधला भाग पुष्कळदा लोखंडासारखा असतो. हो म्हणण्याआधी गावातल्या एखाद्या सुताराला एक दिवसाची मजुरी देऊन घरात पाठवावे. त्याने प्रत्येक तुळईला मधोमध गिरमिट मारून आतला भुसा पाहावा, घेर आणि लांबी लिहून घ्यावी. खिळे आधी काढवावे, कारण एका खिळ्याने गिरणीचा पट्टा तुटतो आणि मग गिरणीवाला जुने लाकूड हातातच धरीत नाही. खांब आणि तुळया मधून कापू देऊ नयेत. ट्रकात बसत नाही ही सबब खरी मानू नये, मोठा ट्रक मिळतो.

भाषणापूर्वी एका भगिनींनी मला विचारले होते की घरातली तुळई आच्चाची आहे की नाही, हे आम्हां अडाण्यांना कसे कळावे. गाभ्याचा रंग गडद तांबूस तपकिरी असतो आणि लाकूड अतिशय जड. तुळईच्या आतल्या, न किडलेल्या भागातून बोटभर ढलपी काढून पाण्याच्या घमेल्यात टाकावी. आपल्या देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी हे एक; ते तरंगत नाही. ढलपी तळाशी गेली, तर ठेकेदाराला उत्तर देण्याआधी नरसिंगमपेट्टैला एक माणूस पाठवावा. गाव आगगाडीच्या मार्गावरच आहे, आणि नागस्वरवाल्यांचे घर विचारले की कोणीही दाखविते.